बहर ओसरल्यावर मिळणारी परवानगी

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), नागपूर
यांना खुले पत्र

स.न.वि.वि.

निसर्गाची छायाचित्रं काढणं हा माझा धंदा आहे आणि माझं घर त्यावरच चालतं. दिनदर्शिका, रानफुलांच्या ओळखपुस्तिका, शाळेच्या पुस्तकांतली चित्रं, सह्याद्रीतल्या होमस्टेंची माहितीपत्रकं अशी कामं मी करतो. गेल्या पावसाळ्यात एका संरक्षित पठारावरच्या फुलांसाठी मी रीतसर अर्ज केला. काम ओळखपुस्तिकेचं होतं. जाणार होतो तिघं: मी, माझा सहायक आणि वनस्पतीशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका. सगळं सामान दोन पाठपिशव्यांत मावणारं. परवानगीचं पत्र हातात पडलं तेव्हा पठारावरचं गवत पिवळं पडलं होतं.

ते कार्यालय कुठलं, हे इथे लिहिणार नाही. तिथल्या लिपिकबाईंनी दर खेपेला मला बसायला खुर्ची दिली, फाईल कुठे आहे ते खरं सांगितलं, वरिष्ठांना माझ्यासमोर फोनही लावला. पण असा अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा हे सांगणारा एकही कागद त्यांच्यापाशी नव्हता. तो कागद आपल्या पातळीवर निघायला हवा. म्हणून हे पत्र आपल्याला लिहितोय, आणि उघडपणे लिहितोय, कारण या वाटेने जाणारा मी एकटा नाही.

संरक्षित जागा कॅमेरेवाल्यांना मोकळ्या करून द्या, असं माझं म्हणणं मुळीच नाही. उलट काही ठिकाणी आजच्यापेक्षा कडक बंदी हवी, त्याबद्दल पुढे लिहितोच. आधी सड्यावर, म्हणजे अशा कातळी पठारावर, काय असतं ते जवळून सांगू द्या, कारण परवानगीचे नियम खुर्चीत बसून लिहिले जातात आणि इजा तिथे खाली होते.

जांभ्याच्या कातळावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. जून-जुलैच्या पावसात तो भिजून निथळतो. ऑगस्टच्या शेवटाकडे त्यातून गेंदाची पांढरी बोंडं वर येतात, पाणी झिरपतं तिथे सीतेची आसवं निळी-जांभळी पसरतात, आणि नीट वाकून पाहिलं तर मधेच दवबिंदूचं लालसर रोपटं चिकट केसांवर चिलटं धरून उभं असतं. हे सगळं जेमतेम वीतभर उंचीचं. अशा जागी फोटोसाठी एक गुडघा टेकला की तेवढ्या आकाराचा खळगा पडतो, त्यात पाणी साचतं आणि दबलेली रोपं त्या मोसमात पुन्हा उठत नाहीत. यातली बहुतेक रोपं एका पावसाळ्यापुरतीच जगतात. बी धरण्याआधी चिरडली गेली तर पुढच्या वर्षी त्या जागेवर तीच फुलं येण्याची आशा धरू नये.

तो गुडघा सहलीला आलेल्या हौशी माणसाचा होता की पैसे घेऊन काम करणाऱ्या माझ्यासारख्याचा, याने सड्याला काही फरक पडत नाही. इजा किती व्हायची हे ठरतं ते किती माणसं आली, किती वेळ थांबली, पाय कुठे ठेवले आणि सोबत काय आणलं यावरून. आपली परवानगीची पद्धत नेमकं एवढंच विचारत नाही. ती विचारते, फोटो विकणार आहात का? माझी मूळ तक्रार ही आहे, बाकीच्या तक्रारी तिच्यातूनच निघतात.

पहिली तक्रार फाटकावरची. 'व्यावसायिक छायाचित्रण' कशाला म्हणायचं, हे मी गेलो त्या बहुतेक ठिकाणी फलकावर लिहिलेलं नव्हतं. मग ते ठरवायचं काम फाटकावरच्या वनरक्षकावर किंवा गावच्या वन समितीच्या पोरावर येतं आणि तो बिचारा लेन्सची लांबी बघून ठरवतो. माझी पिशवी उघडली जाते, मोठी लेन्स दिसते, तिपाई दिसते आणि "साहेब, याला वरून परवानगी लागेल" असं उत्तर मिळतं. त्याच वेळी माझ्या मागून खिशात फोन टाकून आलेला मुलगा साधं तिकीट काढून आत जातो. त्याच्या व्हिडिओंना लाखो प्रेक्षक असतात आणि जाहिरातींचे पैसे त्याच्या खात्यात जमा होतात. त्याला अडवा असं मी म्हणत नाही. पण त्याच्यात आणि माझ्यात सड्याच्या दृष्टीने फरक कुठला, हे कुणी तरी सांगावं.

लग्नाआधीच्या फोटोंसाठी येणाऱ्या जोड्यांचं तर सगळ्यांना माहीत आहे. जमिनीवर लोळणारा घोळदार झगा, परावर्तक पत्रा धरणारे दोघं, कपडे बदलायला छोटा तंबू, रंगीत धूर सोडणाऱ्या नळकांड्या. हे सगळे पर्यटकाच्या तिकिटावर आत गेलेले मी पाहिले आहेत. धूर विरतो, नळकांडी तिथेच राहते. जो अर्ज करतो तो बाहेर थांबतो आणि जो अर्जच करत नाही तो आत असतो. हे बघून माझ्या धंद्यातल्या तरुण पोरांनी अर्ज करायचं सोडून दिलं आहे, आणि याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. प्रामाणिकपणे विचारणाऱ्याला शिक्षा होते हे एकदा त्यांच्या मनात बसलं की मग कुठलाच नियम ती पाळणार नाहीत.

दुसरी तक्रार वेळेची. निसर्गाचं वेळापत्रक आपल्या कार्यालयांना ठाऊक नाही असं नाही, पण अर्ज हाताळताना ते कुणी विचारात घेत नाही. सड्यावरचा बहर काही आठवड्यांचा, आणि त्यातलं प्रत्येक फूल त्याहून कमी दिवसांचं. कारवी सात वर्षांनी फुलते, तिचा एक मोसम हुकला की पुढची सात वर्षं हातात काही नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, भंडारदऱ्याच्या आसपास, काजवे दिसतात ते मे अखेरीपासून पावसाने जोर धरेपर्यंत. लोणारचं उदाहरण तर सगळ्या देशाने पाहिलं. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं सांगितलं. पाऊस पडून पाणी पातळ झालं आणि रंग ओसरला. अशा घटनेची चांगली, तपशीलवार नोंद ठेवायची असेल तर परवानगी दिवसांत मिळायला हवी. महिन्यांत मिळालेली परवानगी नाकारल्यासारखीच, फक्त नाकारल्याचं कारण लिहून द्यावं लागत नाही एवढंच.

तिसरी तक्रार दारांच्या संख्येची, आणि त्यासाठी लोणारलाच थांबतो. उल्कापातातून बेसाल्टमध्ये तयार झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलं, २००० साली ते अभयारण्य झालं, २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. या प्रत्येक दर्जाचा मला अभिमान आहे. पण गोमुखाच्या धारेपासून खाली उतरून एक साधी चौकट लावून बघा: पुढे जुन्या मंदिराचा खांब, मागे झाडी, तिच्यामागे पाणी. खांब केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, झाडी आणि पाणी आपल्या खात्याकडे, आणि वरून ड्रोन उडवायचा म्हटलं तर आकाश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी नकाशावर हिरवे, पिवळे, लाल पट्टे आखून दिले हे चांगलंच झालं. पण नकाशावर हिरवं दिसलं म्हणून अभयारण्यावर ड्रोन उडवता येतो असं नाही, आणि हे त्या नकाशावरून सामान्य माणसाला उमगत नाही. मग पकडला गेला की तो खरोखरच भांबावलेला असतो.

एका दाराने दुसऱ्या दाराकडे बोट दाखवायचं, दुसऱ्याने पहिल्याचं ना हरकत पत्र मागायचं, या फेऱ्यात मोठ्या चित्रपटाच्या युनिटचं काही अडत नाही. त्यांच्याकडे हेच काम करणारी पगारी माणसं असतात. राज्याने चित्रीकरणासाठी एक खिडकी योजना आणली तीही चित्रपट आणि मालिकांची गरज समोर ठेवून. अडतो तो एकटा छायाचित्रकार, माहितीपट करणारी दोन मुलं, गावातल्या देवराईवर पुस्तिका काढणारी शिक्षिका. म्हणजे ज्यांच्यामुळे जागेला सर्वांत कमी त्रास, त्यांनाच सर्वांत जास्त हेलपाटे.

चौथी तक्रार अशी की परवानगी मिळाल्यावर पुढे कुणी बघतच नाही. पत्रावर अटी असतात आणि त्या चांगल्या असतात: वाट सोडू नये, आवाज करू नये, कचरा परत न्यावा, अंधार पडण्याआधी बाहेर यावं. पण काम सुरू होण्याआधी जागा कशी होती आणि संपल्यावर कशी आहे, याची नोंद करायला माझ्याबरोबर आजवर कुणी आलेलं नाही. मी स्वतः मागितलं तरी माणूस मिळाला नाही. वनरक्षकांकडे एवढं मोठं क्षेत्र असतं, वणवे असतात, चोरतोड असते. त्यांना दोष देता येणार नाही. पण मग अटी घालून उपयोग काय? अनामत रक्कम घेतली तर ती पाहणीनंतर परत द्यावी किंवा जप्त करावी. पाहणीच नसेल तर ती रक्कम कशाची?

पैशाबद्दल थोडंसं. शुल्क घ्यायला माझी हरकत नाही. मी जागेपासून कमावतो, मी दिलंच पाहिजे. पण ते कुठे जातं हे दिसायला हवं. कास पठारावर कास, आटाळी, एकीव, कासाणी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या गर्दी सांभाळतात, वाटा राखतात, येणाऱ्यांना फुलांची नावं सांगतात. चित्रीकरणाच्या शुल्कातला ठरावीक वाटा अशा समित्यांच्या खात्यात थेट गेला, तर माझ्यासारख्यावर लक्ष ठेवायला तिथलाच माणूस उभा राहील. रानफुलांची त्याच्याइतकी काळजी आणि माहिती मुंबईहून आलेल्या कुठल्याही युनिटला नसते.

आता कायद्याकडे येतो, कारण 'कायद्यात तरतूद नाही' हे उत्तर मी बरेचदा ऐकलं आहे. तरतूद आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कशासाठी देता येतो त्याची यादी आहे आणि त्यात छायाचित्रण पहिल्यापासून आहे, संशोधन आणि पर्यटनाच्या बरोबरीने. २०२२ च्या दुरुस्तीने तिथे चित्रीकरणाचाही उल्लेख आला आणि सोबत एक कसोटीही आली: अधिवासात कोणताही बदल न करता, अधिवासावर किंवा वन्यजीवांवर वाईट परिणाम न होता. संसदेने कसोटी दिली ती परिणामाची. फोटो विकणार की घरी लावणार, हा प्रश्न त्या कसोटीत कुठेच नाही.

कासची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यात महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. यातलं कास अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान नाही, राखीव वन आहे. त्यामुळे तिथे वन्यजीव कायद्यातलं ते कलम थेट लागू पडत नाही. एकाच यादीतल्या चार वारशांना दोन वेगळे कायदे, आणि त्या दोन्हींना जोडणारी छायाचित्रणाची समान नियमावली आम्हाला कुठेही वाचायला मिळत नाही. ती काढण्यासाठी दिल्लीला जावं लागणार नाही, आपल्या खात्याचं परिपत्रक पुरेल.

सोपा आणि स्पष्ट नियम करता येतो, याचा दाखला घरचाच आहे. २०१८ मध्ये केंद्राने आपल्या संरक्षित स्मारकांत पर्यटकांना छायाचित्रणाची मुभा दिली आणि अपवाद तीनच ठेवले: अजिंठ्याची भित्तिचित्रं, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातला कबरीचा भाग. फाटकावर वाद घालायला जागाच उरली नाही. बाहेरचा दाखला हवा तर अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांत आठ किंवा त्याहून कमी माणसं, हातात नेता येईल एवढंच सामान आणि जागेला इजा नाही, अशा कामाला परवाना आणि शुल्क दोन्हींतून मोकळं केलं, मग ते काम पैशासाठी असो वा नसो. तोच आकडा आपण घ्यावा असं मी म्हणणार नाही. तिथल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र जवळपास ९,००० चौरस किलोमीटर आहे, कासचं सुमारे साडेअकरा. आपल्याकडे माणसं जास्त आणि जागा नाजूक, तेव्हा मर्यादा कमीच हवी. घ्यायचं ते त्यामागचं तत्त्व.

माझ्या मागण्या अशा:

१. चित्रीकरणाचे अर्ज हेतूवरून न विभागता जागेवर पडणाऱ्या भारावरून विभागा. पर्यटकांसाठी आखलेल्या वाटेवरून, तीन-चार माणसांनी, हातात मावेल एवढ्या सामानाने, दिवे आणि ड्रोन न वापरता केलेलं काम फाटकावरच्या नोंदणीवर आणि ठरलेल्या शुल्कावर होऊ द्या. वाट सोडून किंवा रात्री करायच्या कामाला विभागीय कार्यालयाची परवानगी लागावी. जाहिरात, चित्रपट, लग्नाचं चित्रीकरण, म्हणजे जिथे वेशभूषा, सजावट, दिवे आणि माणसांचा ताफा येतो, त्याची छाननी सर्वांत कडक असावी.

२. काही जागा सगळ्यांना बंद करा, त्यात मीही आलो. फुललेल्या सड्यावर वाटेबाहेर कुणी जाऊ नये. घरट्यांजवळ, वटवाघळांच्या गुहांत आणि काजव्यांच्या झाडांखाली चित्रीकरणासाठी कृत्रिम प्रकाश असूच नये. काजव्याचा उजेड जोडीदाराला बोलावण्यासाठी असतो, तिथे आमचे दिवे पेटले की ती हाक पोचत नाही. या जागांची यादी मराठीत, नकाशासह, फाटकावर आणि संकेतस्थळावर लावा. तिथे 'विशेष परवानगी' नावाचं मागचं दार ठेवू नका.

३. ही परवानगी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा करा. मुदत पंधरा दिवसांची ठेवा, आणि मोसमी किंवा अचानक घडणाऱ्या घटनेसाठी पाच दिवसांची. त्या कायद्यात पदनिर्देशित अधिकारी आहे, अपिलाच्या पायऱ्या आहेत, विनाकारण उशीर केल्यास ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. नकार द्यायचा तर खुशाल द्या, पण मुदतीत आणि कारण लिहून.

४. लोणारसारख्या ठिकाणी, जिथे एकाहून जास्त यंत्रणा आहेत, तिथे अर्ज एकाच ठिकाणी घ्या आणि तो इतरांकडे पाठवण्याची जबाबदारी अर्ज घेणाऱ्या कार्यालयावर ठेवा. पुरातत्त्व सर्वेक्षण केंद्राचं आहे हे मला कळतं. पण दोन सरकारी कार्यालयांमधला पत्रव्यवहार नागरिकाने पायी वाहून नेऊ नये.

५. दिलेली प्रत्येक परवानगी जाहीर करा: कुणाला, कुठल्या जागेसाठी, किती माणसं, किती दिवस, किती शुल्क. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार परवाने मिळालेल्यांची माहिती कुणी न मागता प्रसिद्ध करायचीच आहे. सोबत कामाआधीचे आणि नंतरचे जागेचे फोटो जोडा. ते काढून द्यायची सक्ती आमच्यावर करा, आम्ही आनंदाने करू.

६. शुल्काचा निश्चित वाटा स्थानिक वन व्यवस्थापन समितीला द्या आणि मोठ्या चित्रीकरणावर त्या समितीचा एक माणूस मानधनावर हजर असल्याशिवाय कॅमेरा सुरू होऊ देऊ नका.

यातल्या एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही. सड्यावर पुन्हा रंग चढायला लागेल तो ऑगस्टच्या अखेरीस, त्यामुळे परिपत्रक जूनच्या आत निघालं तर ते या मोसमाच्या कामी येईल. त्याआधी मसुदा जाहीर करून हरकती आणि सूचना मागवा. वनस्पती अभ्यासक, समित्यांची माणसं, वाटाडे आणि आम्ही छायाचित्रकार या सगळ्यांकडे लिहून द्यायला पुष्कळ आहे, आणि बोलावलंत तर आम्ही जागेवर येऊन दाखवूही.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,

निसर्ग छायाचित्रणावर पोट असलेला एक नागरिक,
नाशिक